लग्नाच्या बँडमधून जॅझ-हिपहॉप : आधी ठोका कुठे बसतो ते पाहा

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातले पाच जण आहोत. मी वडिलांच्या बँडपार्टीत क्लॅरिनेट वाजवतो. बाकीच्यांपैकी एक कीबोर्डवर, एक ऑक्टोपॅडवर (काडीनं वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड) आणि एक गावच्या भजन मंडळात खंजिरीवर असतो. पाचवा वऱ्हाडीत रॅप करतो. अमेरिकन पियानोवादक रॉबर्ट ग्लास्परच्या ग्रुपसारखं, जॅझ आणि हिपहॉप एकत्र असलेलं वाजवायची आमची इच्छा आहे. पण वाजवलं की क्लॅरिनेट एकीकडे आणि रॅप एकीकडे होतो, एकजीव होत नाही. काय चुकतंय? नोटेशन शिकावंच लागेल का? डबल बास (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) आमच्याकडे नाही, त्याशिवाय जमेल का? सोबत रेकॉर्डिंग पाठवतो आहे.

उत्तर :

तुमचं रेकॉर्डिंग सात-आठ वेळा ऐकलं, दोनदा हेडफोन लावून. क्लॅरिनेटचा दम चांगला आहे, वरच्या सप्तकात सूर चिरकत नाही. रॅप करणाऱ्याची जीभ साफ आहे, एकही अक्षर गिळत नाही. सुरांत तुमचं फारसं काही बिघडलेलं नाही. बिघडलंय ते ऑक्टोपॅडमध्ये. पॅडवाल्यानं तयार लूप, म्हणजे साठवलेला, सारखा फिरत राहणारा ठेका, लावून दिलाय आणि बाकीचे चौघे त्याला धरून चालले आहेत. तो लूप कोणाचं ऐकत नाही. रॅपवाला जरा मागे रेलला तरी तो पुढेच जातो, क्लॅरिनेटनं श्वास घेतला तरी तो थांबत नाही. म्हणून प्रत्येकाची लूपशी जोडी जमली आहे, एकमेकांशी जमलेली नाही. हे संगीत एकजीव होतं ते ठोक्यात. ठोका सुटा राहिला की वरून कितीही सुंदर सूर ओता, तेल आणि पाणी वेगळंच राहतं.

मी स्वतः बँडपार्टीतलाच. वडिलांच्या मागं क्लॅरिनेट घेऊन वराती केल्या, मग मुंबईत हॉटेलांत आणि स्टुडिओत बावीस वर्षं सॅक्सोफोन वाजवला, आणि आता हिंगणघाटजवळ गावी राहून पोरांना शिकवतो. तुम्ही ज्या जागी अडला आहात तिथं मीही बराच काळ अडलो होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ठोक्याची गोष्ट अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरातून सुरू करावी लागते. तिथं जेम्स यान्सी नावाचा एक माणूस होता, जे डिला या नावानं ओळखला जायचा. जन्म १९७४ चा, गेला २००६ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी. त्याचं वाद्य म्हणजे एमपीसी ३००० नावाचं यंत्र. जुन्या रेकॉर्डमधला तुकडा त्यात भरायचा आणि रबरी चौकोनी बटणांवर बोटांनी वाजवायचा. या यंत्राला एक सोय असते, क्वांटाइझ. तुम्ही ठोका थोडा मागेपुढे मारला तरी यंत्र तो ओढून बरोबर खुणेवर बसवतं. डिलानं त्या सोयीवर सगळं सोपवलं नाही. एकाच चालीत एक आवाज सरळ, दुसरा तिरका, तिसरा किंचित मागे किंवा पुढे, असं तो ठेवायचा. ऐकणाऱ्याला वाटतं हे आता कोसळणार, आणि ते कोसळत नाही. उलट मान आपोआप हलू लागते.

हे किती सूक्ष्म आहे ते आकड्यांत पाहा. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली तर एका मात्रेला साधारण ६६७ मिलिसेकंद मिळतात. त्या यंत्रात एका मात्रेचे ९६ भाग पडतात, म्हणजे एक भाग जेमतेम ७ मिलिसेकंदांचा. स्नेअर, म्हणजे आपला साईड ड्रम, असे तीन-चार भाग सरकला की चालीचा चेहरा बदलतो. म्हणजे सेकंदाच्या शंभर भागांतले दोन-तीन. एवढा फरक मोजून कोणी वाजवू शकत नाही, तो कानानंच येतो. यंत्रातलं स्विंगचं बटणही समजून घ्या. त्यावर ५० असेल तर अर्ध्या मात्रा अगदी सारख्या पडतात, ६६ च्या आसपास गेलं की दोनास एक अशा तिरक्या, आणि ते ७५ पर्यंत जातं. आपल्या ढोलकीवाल्याचा चांगला केरवा या दोन टोकांच्या मधे कुठंतरी असतो. ना पूर्ण सरळ, ना पूर्ण तिरका. त्याला हे कोणी शिकवलेलं नसतं.

आता ग्लास्पर. हा ह्यूस्टनचा पियानोवादक, जन्म १९७८ चा. त्याची आई चर्चमध्ये आणि क्लबमध्ये गायची, आणि हाही चर्चमध्येच वाजवू लागला. तुमच्या खंजिरीवाल्याला हे वाचून दाखवा, कारण भजन मंडळात तयार झालेला हात आणि चर्चमध्ये तयार झालेला हात हे एकाच जातीचे असतात. दोन्हीकडे पुस्तक समोर नसतं, गाणारा कुठं वळेल ते त्याच्या तोंडाकडे पाहून ओळखावं लागतं. २००७ मध्ये आलेल्या अल्बमसाठी ग्लास्परनं आपल्या पियानो, बास आणि ड्रम्सच्या त्रिकुटाला घेऊन डिलाच्या चाली अकॉस्टिक, म्हणजे विजेशिवायच्या, वाद्यांवर वाजवून रेकॉर्ड केल्या. मला या सगळ्या प्रवासातली ही सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते. तोवर हिपहॉपवाले जॅझच्या रेकॉर्डमधून तुकडे उचलत होते. इथं जॅझवाल्यांनी यंत्रातली ती वाकडी चाल उलट उचलून हातांत आणली. मग २००९ च्या ‘डबल बुक्ड’ या अल्बममध्ये अर्धा भाग अकॉस्टिक त्रिकुटाचा आणि अर्धा त्याच्या ‘एक्सपेरिमेंट’ या ग्रुपचा. त्या ग्रुपमध्ये ड्रम्सवर ख्रिस डेव्ह, बासवर डेरिक हॉज, सॅक्सोफोन आणि व्होकोडरवर (गळ्याचा आवाज वाद्यासारखा करणारं यंत्र) केसी बेंजामिन. २०१२ मध्ये ‘ब्लॅक रेडिओ’ आला आणि २०१३ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं, तेही जॅझचं नाही, आर अँड बीचं (रिदम अँड ब्लूज).

तुम्ही ‘ब्लॅक रेडिओ’ ऐकताना गायकाकडे लक्ष देता, ते स्वाभाविक आहे. आता आठवडाभर फक्त ड्रम्सकडे लक्ष द्या. ख्रिस डेव्हचा उजवा हात काय करतो आणि डावा हात त्याच्या किती मागे पडतो ते ऐका. मग बास ऐका, तो ड्रम्सच्या मागे टेकून बसतो की पुढे. सूर शेवटी ऐका.

याच्या आधीची परंपराही थोडी माहीत असावी. १९८३ मध्ये जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकनं रेकॉर्ड घासण्याचा आवाज आपल्या संगीतात घेतला. १९९१ मध्ये ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ या रॅप ग्रुपच्या अल्बमवर रॉन कार्टर डबल बास वाजवायला आला. हा माणूस साठच्या दशकात जॅझमधला मोठा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस याच्या पंचकात होता. १९९३ मध्ये गुरू या रॅपरनं ‘जॅझमॅटॅझ’ काढलं, त्यात डोनाल्ड बर्डची ट्रम्पेट आणि रॉय एयर्सचा व्हायब्राफोन. २०१५ मध्ये रॅपर केंड्रिक लामारच्या ‘टू पिम्प अ बटरफ्लाय’मध्ये ग्लास्पर, कमासी वॉशिंग्टन, थंडरकॅट ही सगळी जॅझची मंडळी एकत्र दिसली. एवढं क्रमानं ऐकलं तरी पुरे.

पण तुमच्यासाठी खरा आदर्श ग्लास्पर नाही, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराचे ब्रास बँड आहेत. हे मी फार जबाबदारीनं सांगतो आहे.

त्या शहरात बँड रस्त्यानं चालत वाजवतात. लग्नात वाजवतात, मयतीतही वाजवतात. डर्टी डझन ब्रास बँड १९७७ मध्ये सुरू झाला आणि त्यानं जुन्या मिरवणुकीच्या चालीत फंक हे नाचायचं संगीत आणि बीबॉप हा वेगवान जॅझ आणला. रिबर्थ ब्रास बँड १९८३ चा, त्यानं पुढे हिपहॉप आणलं आणि २०१२ मध्ये ग्रॅमी घेतलं. त्यांच्याकडे डबल बास नसतो, अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घेतलेला सूसाफोन हा खर्जाचा मोठा भोंगा असतो. आणि मुख्य म्हणजे तिथं ड्रम्सचा सेट नसतो. मोठा ड्रम एका माणसाच्या गळ्यात आणि स्नेअर दुसऱ्याच्या.

आता तुमच्या वडिलांच्या बँडपार्टीकडे पाहा. ढोल एकाकडे, साईड ड्रम दुसऱ्याकडे. दोन वेगळी माणसं, दोन वेगळे श्वास. त्यामुळे ढोलाचा ठोका आणि साईडची काडी यांच्यात एक बारीक फट आपोआप राहते. डिलानं यंत्रापुढे बसून जी फट तयार केली, ती तुमच्या घरी वरातीत रोज वाजते. तुम्ही ती सोडून तयार लूप लावला. लूप बंद करा. वडिलांना विनंती करून त्यांचा ढोलवाला आणि साईडवाला रियाझाला बोलवा. वयानं मोठे असतील, काका म्हणून मानानं बोलवा, त्यांना हिपहॉप समजावत बसू नका. फक्त सांगा की काका, वरात थकल्यावर रात्री एक वाजता घराच्या वळणावर जी चाल तुम्ही वाजवता, ती वाजवा, पण अर्ध्या आवाजात.

अर्धा आवाज हे त्यांना अवघड जाईल, कारण आयुष्यभर मोकळ्या रस्त्यावर वाजवलंय. साईड ड्रमवर घडी केलेला दुपट्टा टाका. काडीऐवजी बांबूच्या बारीक कामट्या, दहा-बारा, रबरानं एकत्र बांधून द्या. आवाज एकदम कोरडा आणि खाली बसतो, आणि रॅपचे शब्द वर येतात. ऑक्टोपॅडवाल्याला बाजूला बसवू नका, त्याला रंग भरू द्या. टाळी, थेंबाचा आवाज, मधेच एखादा लांब गुंजणारा ठोका. हातानं वाजवायचं, साठवलेलं नाही.

डबल बासचा प्रश्नही इथंच सुटतो. बँडपार्टीत युफोनियम, खालच्या सुरांचं ते मोठं पितळी वाद्य, असेलच. बहुतेक ठिकाणी तो गाण्याची चालच खालच्या सप्तकात वाजवत राहतो, नाहीतर ‘पॉं पॉं’ करून मात्रा भरतो. त्याला चार सूर द्या आणि ठरावीक जागी सोडायला लावा. खर्जात एक सूर, मग दोन मात्रा गप्प, मग दोन छोटे सूर. बास म्हणजे सूर कमी आणि जागा जास्त. फुंकून वाजवलेल्या बासला श्वास असतो, आणि कीबोर्डच्या डाव्या हातानं वाजवलेल्या बासपेक्षा तो मला कधीही जास्त आवडतो.

खंजिरीबद्दल मला मनापासून बोलायचंय. अमरावती-यवतमाळच्या पट्ट्यात तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे खंजिरी घराघरांत पोहोचली. या वाद्यात दोन आवाज एकत्र राहतात, कातड्याचा आणि झांजांचा. हात कातड्यावर पडतो त्या क्षणी झांजा वाजतात खऱ्या, पण त्यांची किणकिण थोडी मागे रेंगाळते. ही रेंगाळ म्हणजे तुमचा हाय-हॅट, ड्रम्सच्या सेटमधली झांजांची जोडी. म्हणून खंजिरी ही सजावट म्हणून वरून टाकू नका, ती चालीच्या मध्यभागी ठेवा. पाचही जणांनी खंजिरीकडे तोंड करून बसायचं. लय तिच्याकडून घ्यायची.

हा रियाझ महिनाभर करा. लय मिनिटाला ८८ ठोक्यांची धरा आणि मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय देणारं अ‍ॅप, लावा. पण तो चारही मात्रांवर नको, फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टिक येईल असा मनात धरा, म्हणजे मेट्रोनोम प्रत्यक्षात ४४ वर. पहिली मात्रा तुमची तुम्ही सांभाळायची. आधी खंजिरी एकटी, पाच मिनिटं. मग ढोल येईल, तो टिकेच्या अगदी बरोबर. मग साईड ड्रम, तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, आणि त्यानं मुद्दाम आळसावून वाजवायचं, बैलगाडीच्या मागच्या चाकासारखं. चाक गाडीलाच लागलेलं आहे, पण खड्ड्यातून पुढच्यानंतर जातं. पहिले आठ दिवस सगळ्यांची लय पडेल, कारण एक मागे रेलला की दुसरा त्याला सोबत म्हणून मागे येतो. मागे रेलणाऱ्यानं रेलायचं आणि बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. ग्रुप म्हणून तुमची खरी परीक्षा हीच.

सुरांकडे येतो. पहिला गोंधळ वाद्यांच्या पट्टीचा. तुझं क्लॅरिनेट बी फ्लॅटचं असणार. तू ‘सी’ वाजवलास की पेटीवर काळी पाच ऐकू येते. कीबोर्डवाल्यानं पांढरी एक धरली तर तुला ‘डी’मधून वाजवावं लागतं. रेकॉर्डिंगमध्ये तू दोन ठिकाणी अडखळला आहेस ते बोटं तिथं अवघड पडली म्हणून. गाणी काळी पाच किंवा पांढरी चारमध्ये बांधा, क्लॅरिनेटला मोकळं जातं आणि रॅपवाल्याला पट्टीनं काही फरक पडत नाही. कीबोर्डवाला ट्रान्स्पोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण दाबून मोकळा होईल, त्याला तसं करू देऊ नका. काळी पाचमध्ये त्याची बोटं बसलीच पाहिजेत.

दुसरं, कीबोर्डवाला दोन्ही हातांनी पाच-पाच सूर दाबतो आहे. त्यामुळे क्लॅरिनेटला उभं राहायलाही जागा उरत नाही. जॅझमधल्या सगळ्यांत जुन्या वळणापासून सुरुवात करा, सरगममध्येच सांगतो. तीन जागा आहेत. पहिली रे वरची, दुसरी प वरची, तिसरी सा वरची. मूळ सूर युफोनियम वाजवेल, कीबोर्डनं ते दाबायचेच नाहीत. कीबोर्डनं फक्त दोन सूर ठेवायचे. रे च्या जागी म आणि वरचा सा. प च्या जागी म तसाच, आणि सा खाली उतरून नी. सा च्या जागी नी तसाच, आणि म खाली उतरून ग. प्रत्येक वेळी एकच बोट अर्ध्या स्वरानं खाली घसरतं, दुसरं जागेवर राहतं. यात सगळे सूर शुद्ध आहेत, आपल्या बिलावलाचेच. खाली युफोनियमचे रे, प, सा क्रमानं वाजत असताना वर म-सा, मग म-नी, मग ग-नी असं संध्याकाळभर वाजवून पाहा. या दोन सुरांत तुम्हाला तो रंग ऐकू येईल जो तुम्ही दहा बोटांनी शोधत होतात. उजव्या हातानं वाटलं तर तिसरा सूर घ्या, रे वर असताना वरचा ग. त्याहून जास्त सध्या नको.

नोटेशन नंतर शिका. वाचता आलं तर फायदाच आहे, पण आज त्यामुळे काही अडलेलं नाही. वहीत सरगम आणि मात्रांच्या खुणा एवढं लिहून ठेवा.

रॅपवाल्याचे शब्द मला फार आवडले, त्याला मुद्दाम सांगा. त्याच्या या दोन ओळी मी वहीत उतरवून घेतल्या :

लाईन येते बारा वाजता, पानी देते बाप
टॉर्च घेऊन मांगं मांगं मी, पायाखाली साप

ज्यानं पिकाला रात्रीचं ओलित केलंय त्याला यात काही समजावून सांगावं लागत नाही. पण तो ‘बाप’ आणि ‘साप’ दोन्ही बरोबर ठोक्यावर आपटतो. शाळेतल्या कवितेसारखं होतं ते. ‘बाप’ ठोक्यावर येऊ दे. दुसऱ्या ओळीत ‘मांगं मांगं’ थोडं रेंगाळू दे, अंधारात पाय चाचपत टाकल्यासारखं, आणि ‘साप’ ठोका होऊन गेल्यावर, रिकाम्या जागेत पडू दे. त्या रिकाम्या जागेत कोणीही वाजवायचं नाही. ढोल नाही, कीबोर्ड नाही. वऱ्हाडी बोलीला स्वतःची लय आहे. ‘मांगं’ लांबतं, ‘पानी’ तुटतं. ती लय पुण्या-मुंबईच्या रॅपसारखी करायला गेला तर हातातलं जाईल.

आणि क्लॅरिनेटनं रॅप चालू असताना वाजवायचं नाही. हे तुला जड जाईल. मलाही गेलं होतं. मुंबईत एका कार्यक्रमात मी एका तरुण रॅपरच्या मागं सॅक्सोफोनवर सलग आलाप भरत राहिलो. माझ्या मते मी सजवत होतो. कार्यक्रम संपल्यावर तो पोरगा काही न बोलता सामान आवरून गेला. घरी रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं की त्याचं एकही वाक्य मी पूर्ण ऐकू येऊ दिलं नव्हतं. तेव्हापासून माझा नियम असा : वाक्य संपलं की उत्तर द्यायचं, भजनात मागची मंडळी देतात तसं. दोन-तीन सुरांचं. एकल वाजवण्याची वेळ आली की मग भरपूर वाजव, आणि त्यावेळी रॅपवाल्यानं मंचावर बसून ऐकायचं, मोबाईल पाहायचा नाही.

मांडवातल्या माईकबद्दल थोडं. साऊंडवाला क्लॅरिनेटच्या तोंडाशी, खालच्या भोंग्यात माईक कोंबतो. क्लॅरिनेटचा बहुतेक आवाज भोकं उघडी असतात तिथून निघतो, भोंग्यातून फक्त अगदी खालचे सूर येतात. माईक एक फूट लांब, मधल्या भागाकडे रोखून ठेवायला सांगा. ट्रम्पेट जोडलात तर तिचं उलटं, तिचा सगळा आवाज भोंग्यातूनच येतो. डीजेचे मोठे बेस बॉक्स बंद ठेवायला लावा, नाहीतर युफोनियमचा सूर कुठला हेच कळणार नाही. हिवाळ्यात रात्रीच्या कार्यक्रमात दवानं खंजिरीचं कातडं सैल होतं, दुसरी खंजिरी शेकोटीजवळ तापवून तयार ठेवा.

कुठं वाजवायचं ते विचारलं नाहीत, तरी सांगतो. ओळखीच्या लग्नात, वरात दारात पोचल्यावर जेवणं चालू असतात तो पाऊण तास मागून घ्या. लोक बसलेले असतात, नाचायची घाई नसते. पुढे मंडई, म्हणजे तिकडच्या गावजत्रा, आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगाम आहे. वडसा देसाईगंज भागात दिवाळीनंतर होळीपर्यंत रात्ररात्र नाटकं चालतात आणि रंगमंचासमोर बसलेले वादक सकाळपर्यंत नटाच्या शब्दाला धरून वाजवतात. वाजवायला नाही मिळालं तरी एक रात्र जाऊन त्या वादकांच्या शेजारी बसा. नट वाक्य लांबवतो तेव्हा ते कसे थांबून राहतात ते पाहा.

महिन्याभरानं नवं रेकॉर्डिंग पाठवा. पाच वाद्यांना पाच माईक नकोत. खोलीच्या मधोमध खुर्चीवर एक मोबाईल ठेवा, सगळे त्याच्याभोवती गोल बसा, आणि ज्याचा आवाज जास्त येतो त्यानं खुर्ची मागे सरकवायची. गाणं एकच असू दे, रात्रीच्या ओलिताचं.